नौपाड्याच्या खिडकीत होया

आमच्या घराला बाल्कनी नाही. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. हॉलला पूर्वेकडे एक रुंद खिडकी, आत बसता येईल एवढा कट्टा, बाहेर ग्रिल आणि गल्लीपलीकडे आमच्याच उंचीची दुसरी इमारत. सकाळचं ऊन त्या इमारतीच्या डोक्यावरून येतं, कट्ट्यावर तास-दीड तास थांबतं आणि जातं. मग दिवसभर उजेड भरपूर, ऊन नाही. ठाण्यात अशी घरं कितीतरी आहेत. अशा घरात फुलणारी आणि वासाची वेल हवी असेल तर काय करता येतं, ते मी तीन-चार वर्षं करून पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सुगंधी वेल म्हटलं की आपल्या तोंडी आधी जाई, जुई, चमेली, मधुमालती हीच नावं येतात. पण या सगळ्या उन्हाच्या वेली. जुईला रोज पाच-सहा तास थेट ऊन मिळालं नाही तर ती लांब शेंडे सोडते, पानं धरते आणि फुलायचं नाव काढत नाही. मधुमालती दोन-तीन मजले सहज चढते. संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी आणि मग लाल होणारी तिची फुलं मला फार आवडतात, पण तिला खोलीत कोंडणं म्हणजे तिच्यावर अन्याय. रातराणी हे झुडूप, आणि बंद खोलीत तिचा वास डोक्यात जातो. तळमजल्यावरच्या काकूंनी हौसेने मला मोगऱ्याची कुंडी दिली होती. आमच्याकडे ती हिरवीगार राहिली, कळी मात्र एकही धरेना, म्हणून काकूंच्या अंगणात परत गेली आणि तिथे पुन्हा बहरली. तेव्हापासून मी शोध बदलला. घरात फुलायला हवी तर मुळातच झाडांच्या सावलीत वाढणारी वेल हवी होती. होया तशी आहे.

होयाच्या पाचशेहून अधिक जाती आहेत, भारतापासून आग्नेय आशिया ओलांडून ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत. आपल्या सह्याद्रीच्या ओल्या जंगलांतही होया वायटीसारख्या मोजक्या जाती झाडांवर वाढताना दिसतात. बहुतेक होया झाडाच्या खोडाफांद्यांवर मुळं रोवून राहतात. बांडगुळासारखा त्या झाडाचा रस घेत नाहीत, फक्त आधार घेतात. सालीच्या खाचांत साठलेला पालापाचोळा, पावसाचं निथळतं पाणी आणि पानांतून गाळून येणारं ऊन, यावर त्यांचं भागतं. घरात सगळ्यात जास्त दिसते ती होया कार्नोसा. ती मूळची दक्षिण चीन, तैवान, जपान या भागातली. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1810 साली या वंशाला नाव दिलं ते टॉमस हॉय यांच्यावरून. लंडनजवळच्या सायन हाउसमध्ये नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकच्या बागेचे ते मुख्य माळी होते. नाव मिळालं ते माळ्याला, मालकाला नाही, याचं मला अजूनही बरं वाटतं.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका नर्सरीत मी होया विचारायला गेले तेव्हा फेब्रुवारी होता आणि टेबलावर छोट्या लाल कुंड्यांची रांग होती. प्रत्येकीत बदामाच्या आकाराचं एकच जाड पान खोचलेलं. ती होया केरी, व्हॅलेंटाइनच्या दिवसांत भेट म्हणून खपते. नर्सरीतल्या माळीदादांनी मला ती घेऊच दिली नाही. "ताई, वेल हवी म्हणताय ना? मग हे नेऊ नका. याला डोळाच नाहीये. पान जगेल दोन-चार वर्षं, पण वेल नाही व्हायची." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. पानाला मुळं फुटतात, पण नवा कोंब फुटतो तो खोडावरच्या पेरातून. पेराचा तुकडा सोबत नसेल तर ते पान पानच राहतं. भेट म्हणून छान दिसतं, पण घेणाऱ्याला हे सांगून विकायला हवं.

मग त्यांनी आतल्या बाजूला शेडनेटखाली टांगलेली होया कार्नोसा काढून दाखवली. तीन-चार फांद्या, दोन फुटांच्या आतबाहेर लांब, पानं जाड आणि चकचकीत, काहींवर रुपेरी शिंतोडे. शिंतोडे म्हणजे रोग नव्हे, तो या जातीचा गुण आहे. मी विचारलं, "फूल कधी येईल?" ते म्हणाले, "कलम केलेलं रोप आहे, दोनेक वर्षं धरून चाला. आणि हा मनीप्लांट नाही, रोज पाणी घालू नका." मी मोठं रोप घेतलं. फूल बघायची घाई असेल तर पैसे तिथेच घालावेत. पेराच्या छोट्या तुकड्यापासून सुरुवात केली तर फुलापर्यंत दोन-तीन वर्षं जातात, कधी त्याहून जास्त.

कुंडीत बसवताना एक पान देठातून तुटलं आणि पांढरा चीक ठिबकला. सासूबाई शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "अगं, हा तर रुईचा चीक! घरात मुलं आहेत, जपून." त्यांची शंका रास्त होती. रुई आणि कण्हेर दोन्ही विषारी, आणि होया त्यांच्याच कुळातली. पण होया कार्नोसा मांजर-कुत्र्यांनाही विषारी नाही, असं प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या संस्था सांगतात. चीक मात्र काहींच्या त्वचेला चुरचुरतो, म्हणून छाटणी किंवा कलम करताना हात धुवावेत आणि डोळ्यांना लावू नयेत. एवढं सांगितल्यावर आईंची परवानगी मिळाली. पुढे लक्षात आलं की रुईचं नातं त्यांनी सहज ओळखलं ते फार कामाचं होतं. या वेलीबद्दल मला जे जे कळत गेलं ते दोनच गोष्टींतून: ती झाडावर राहणारी आहे आणि ती रुईच्या कुळातली आहे.

झाडावर राहणारी म्हणजे तिच्या मुळांना माती नको, हवा हवी. बागेची लाल माती भरली तर ठाण्याच्या दमट हवेत ती आठवडा-आठवडा ओली राहते आणि मुळं कुजतात. मी भरड मिश्रण केलं. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे निम्म्याहून थोडे कमी, बाकी कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पर्लाइट म्हणजे हलके पांढरे सच्छिद्र खडे, लाकडी कोळशाचे बारीक तुकडे आणि मूठभर गांडूळखत. सोडण आणि कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावं. त्यात क्षार असतात आणि ते मुळांना सोसत नाहीत. कुंडी मातीची घेतली, सहा इंची, तळाला मोठं भोक असलेली. मातीच्या कुंडीची भिंत ओल शोषून बाहेर टाकते, पावसाळ्यात याचा फार फायदा होतो. कुंडी मोठी घेऊ नका, हे आवर्जून सांगते. आपल्याला वाटतं मोठ्या कुंडीत झाड खुलेल, पण होयाची मुळं थोडी आणि बारीक असतात. मोठ्या कुंडीतलं जास्तीचं मिश्रण तशीच ओल धरून बसतं. मुळांनी कुंडी भरली की ती उलट लवकर फुलायला लागते. माझी अजून त्याच कुंडीत आहे.

उजेडाबद्दल थोडं लांबण लावते, कारण फुलं येणार की नाही हे सगळं तिथेच ठरतं. "इनडोअर प्लांट" असं लिहिलेलं झाड आपण सोफ्याच्या कोपऱ्यात ठेवतो. डोळ्यांना तिथे उजेड वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात, झाडाला तसं जुळवून घेता येत नाही. मोबाइलवर उजेड मोजायची फुकट ॲप मिळतात. ती अगदी अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. मी मोजलं तर कट्ट्यावरचा उजेड आणि पाच-सहा फूट आत टीव्हीशेजारचा उजेड यांत दहा पटींहून जास्त फरक निघाला. टीव्हीशेजारी होया मरणार नाही. वर्षानुवर्षं जगेल, पानंही हिरवी राहतील, फुलणार मात्र नाही. तिला खिडकीच्या काचेपासून हातभर अंतरात राहू द्या.

पूर्वेच्या खिडकीतलं ऊन वर्षभर एकाच जागी पडत नाही, याकडे मी या वेलीमुळे पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडे सरकून उगवतो, जूनमध्ये ईशान्येकडे. आमच्या समोरच्या इमारतीच्या उजव्या अंगाला एक मोकळी फट आहे. हिवाळ्यात ऊन त्या फटीतून तिरपं येतं आणि कट्ट्याच्या डाव्या टोकाला पडतं. म्हणून दिवाळीनंतर कुंडी डावीकडे जाते आणि कळ्या धरायच्या आत तिची जागा पक्की होते. एप्रिल-मेमध्ये मात्र ऊन वर चढलं की झोंबतं. ठाण्याला मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. पूर्वेच्या खिडकीत दुपारचं ऊन नसतं हे बरं. सकाळचं कोवळं ऊन पानांना हलकी लालसर छटा देतं, त्याने बिघडत नाही. पानं पिवळट पडून करपल्यासारखे डाग आले तर मात्र ऊन जास्त झालं. पश्चिमेची खिडकी असेल तर साधा पांढरा जाळीचा पडदा लावावा.

पाण्याचं गणित समजायला मला पानफुटीने मदत केली. पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं आणि दुपारनंतर जवळजवळ बेचव. बेंजामिन हाइन नावाच्या, भारतात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे टिपून लिनियन सोसायटीला पत्र लिहिलं आणि ते 1815 साली छापून आलं. त्यामागचं कारण असं की अशा वनस्पती दिवसा पानांवरची रंध्रं मिटून ठेवतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. सकाळी तेच आम्ल जिभेला लागतं. दिवसभर उजेडात ते वापरलं जातं. अननसाचं असंच चालतं आणि होया कार्नोसाचंही. म्हणजे ही वेल पाणी काटकसरीने खर्च करते. वरचं मिश्रण दोन बोटं खोल कोरडं झालं, कुंडी उचलल्यावर हलकी लागली, की भरपूर पाणी घालायचं, तळाच्या भोकातून निथळू द्यायचं आणि मग विसरून जायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे हे चार-पाच दिवसांनी होतं, थंडीत दहा-बारा दिवसांनी. वार ठरवून पाणी घालू नये, कुंडी उचलून बघावी. तहानलेलं पान हातात घेऊन हलकेच वाकवलं तर सहज वाकतं, पाणी असलेलं ताठ राहतं. एक गोष्ट ध्यानात ठेवायची: मुळं कुजली तरी पानं अशीच सुरकुततात, कारण पाणी वर चढतच नाही. मिश्रण ओलं आणि पानं सुरकुतलेली असं दिसलं तर आणखी पाणी घालू नका, कुंडीतून काढून मुळं बघा.

पावसाळा ही आपल्याकडची खरी परीक्षा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. घरातल्या वेलीवर पाऊस पडत नाही, पण हवाच ओली असते. जुलैत सलग झड लागली की कुंडी दोन-तीन आठवडे सुकत नाही. त्या दिवसांत पाणी बंद, खत बंद, खिडकी वाऱ्यासाठी थोडी किलकिली आणि दुपारी पंखा सुरू. वारा खेळता राहिला तर बुरशी धरत नाही. याच दमट हवेत वेल सगळ्यात जोराने वाढते, हा तिचा आनंदाचा काळ आहे. गणपतीच्या सुमारास नवी पानं निघतात ती तांबूस, कोवळी आणि पाहत राहावं अशी.

त्याच दिवसांत लांब, पानं नसलेले शेंडे बाहेर पडतात. हातभर, कधी दोन हात लांब, नुसते हवेत झुलणारे. घरी आलेला प्रत्येक जण म्हणतो, "हे वाळलंय वाटतं, कापून टाक." कापायचं नाही. होया आधी शेंडा लांब सोडते, आधार सापडला की त्याला वेढे घालते आणि पानं मागाहून धरते. पुढे फुलाचे दांडे बहुधा अशाच फांद्यांवर येतात. मी कुंडीत जाड ॲल्युमिनियमच्या तारेची कमान रोवली आहे आणि शेंडे तिच्यावर अलगद वळवते. जोर लावला तर तुटतात आणि चीक गळतो, म्हणून रोज थोडंथोडं.

रुईच्या कुळातली असण्याचा दुसरा प्रत्यय आला तो किडीने. आमच्या सोसायटीच्या आवारात कण्हेरीची रांग आहे. एकदा पावसाळा सरता सरता होयाच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळेधमक, काळ्या पायांचे बारीक किडे गच्च बसलेले दिसले. खाली जाऊन पाहिलं तर कण्हेरीच्या शेंड्यांवर तेच. हा कण्हेरीवरचा मावा. रुई, कण्हेर, होया अशी एकाच कुळातली झाडं तो धरतो. यातल्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात, त्यामुळे आज चार दिसले तर आठवड्याने शेंडा झाकून जातो. मी पहिल्या दिवशी शेंडा नळाखाली धरून बोटांनी धुतला. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि तेल पाण्यात मिसळण्यापुरता भांड्यांचा द्रव साबण घालून, संध्याकाळी ऊन गेल्यावर फवारलं. आठवड्याने पुन्हा. मावा गेला. कण्हेरीवरचा राहू दिला, तिथे ढालकिडे येऊन तो खातात.

पिठ्या ढेकूण म्हणजे मिलीबग हा जास्त चिवट. पानाच्या बगलेत कापसासारखा पांढरा ठिपका दिसतो. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून प्रत्येक ठिपका टिपायचा. वेळखाऊ काम आहे, पण मला आवडतं, कारण तेवढ्यात सगळी वेल पेरापेराने पाहून होते. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर समजावं की कुठेतरी मावा किंवा मिलीबग आहे. त्यांनी टाकलेला गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो.

खताबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऑक्टोबर ते नोव्हेंबर आणि मग फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत, पंधरा दिवसांनी एकदा, पाण्यात विरघळणारं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) खत लिटरला अर्धा ग्रॅम. डिसेंबर-जानेवारीत काहीही नाही. त्या दोन महिन्यांत पाणीही कमी करायचं आणि रात्री खिडकी उघडी ठेवायची. ठाण्याची थंडी ती किती, पण रात्रीचा गारवा आणि जरासा कोरडेपणा मिळाला की उन्हाळ्याच्या तोंडावर ती कळ्या धरते.

आमच्या होयाने पहिला दांडा काढला तो दुसऱ्या हिवाळ्यानंतर, होळीच्या आसपास. पानाच्या बगलेतून आगपेटीच्या काडीएवढा हिरवा दांडा आणि त्याच्या टोकाला राखाडी-हिरवे बारीक मणी. पहिले काही दिवस ते वाढताहेत की नाही तेही कळत नाही. नंतर ते देठांवर पसरत जातात, फुगतात, पाच कोनांच्या गुलाबी पेट्या होतात. मणी दिसल्यापासून उमलायला महिन्याभराहून थोडा जास्तच वेळ जातो. या काळात तिला हलवायचं नाही. कुंडी फिरवली, खिडकी बदलली किंवा मिश्रण अगदी कोरडं होऊ दिलं तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. त्या आठवड्यांत आमच्या घरात पडदे धुवायचे राहिले आणि कोणी तक्रार केली नाही. धाकटा शाळेतून आला की आधी खिडकीशी जाऊन मणी मोजायचा.

उमलली ती संध्याकाळी. एका गुच्छात वीस-पंचवीस फुलं, प्रत्येक साधारण दीड सेंटिमीटर, पाच पाकळ्यांची फिक्या गुलाबी रंगाची चांदणी. तिच्यावर दुसरी छोटी पांढरी चांदणी आणि मधोमध लाल ठिपका. पाकळ्यांवर बारीक लव असते. ही फुलं मेणाची केली आहेत असंच वाटतं, म्हणून इंग्रजीतही तिला मेणाची वेल म्हणतात. आईंनी चष्मा लावून जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "मारुतीच्या माळेत असतं ना, तसंच आहे की गं मधलं!" जांभळी नाक्याच्या बाजारातून दर शनिवारी रुईची माळ आणणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. रुईच्या फुलात मध्यभागी जो पाच कंगोऱ्यांचा मुकुट असतो, तोच इथे चांदणी होऊन बसलेला आहे. दोन्हींचे पराग सुटे उडत नाहीत, त्यांच्या छोट्या मेणचट गाठोड्या असतात आणि त्या कीटकाच्या पायाला अडकून दुसऱ्या फुलात पोचतात. आपल्याकडे रुईवर हे काम काळे भुंगे करतात. होया कार्नोसाचं हे काम कोण करतं ते जपानच्या अमामी बेटावर अभ्यासकांनी पाहिलं आणि 2017 साली प्रसिद्ध केलं: मोठे निशाचर पतंग येतात आणि परागांच्या गाठोड्या त्यांच्या पायांना चिकटून जातात.

पतंगांना बोलवायचं असल्यामुळेच तिचा वास रात्रीचा. दिवसा फुलाला नाक लावलं तर जेमतेम जाणवतो. साडेसात-आठला सुरू होतो आणि दहा-अकरापर्यंत हॉलभर पसरतो. तुपात मध कोमट केल्यासारखा तो गोड आणि जड आहे. जुईचा हिरवा ताजेपणा यात नाही, तो हवा असणाऱ्यांचं समाधान होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण एका गुच्छाला एक खोली पुरते. झोपायच्या खोलीत ठेवू नये, काहींना रात्रभर तो जास्त होतो. आमच्याकडे हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या दारात तो सगळ्यात चांगला येतो, का ते वाऱ्याच्या दिशेवरून समजतं. सकाळी फुलांच्या मध्यावर मधाचे स्वच्छ थेंब साचलेले दिसतात. ते कट्ट्यावर पडून चिकट होतं म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरते. एक गुच्छ आठवडाभर टिकतो, बऱ्याचदा थोडा जास्त. मग फुलं एकेक करून गळतात.

फुलं गळल्यावर उरतो तो दांडा, आणि इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं. मोगरा-गुलाब फुलून गेले की आपण शेंडा छाटतो, हाताला तीच सवय असते. होयाचा दांडा कापायचा नाही. पुढच्या वेळी त्याच दांड्याच्या टोकावर पुन्हा कळ्या येतात आणि दांडा दर खेपेला किंचित लांब होतो. आमच्या वेलीवरचा तो पहिला दांडा त्याच पावसाळ्याआधी पुन्हा फुलला. गेल्या उन्हाळ्यात त्याच्यासोबत आणखी काही दांडे होते आणि मार्च ते मे असे गुच्छ येत-जात राहिले. देवासाठी गुच्छ हवा असेल तर दांडा न तोडता फक्त फुलं देठांतून खुडायची. आई तसंच करतात आणि वाटीत ठेवून देवापुढे मांडतात.

एक विनंती आहे. येऊरला फिरायला जाणारे बरेच जण येताना पिशवीत काहीबाही उपटून आणतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथलं पानही आणायचं नसतं. आणि सह्याद्रीतल्या रानटी होया तशाही खोलीत सहज टिकत नाहीत, त्यांना जंगलातला गारवा आणि धुकं लागतं. घरासाठी नर्सरीत वाढवलेलीच घ्यावी किंवा शेजाऱ्याकडून तुकडा मागावा.

तुकडा लावणं सोपं आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला, दोन-तीन पेरं असलेला, फार कोवळा नाही असा तुकडा कापायचा. चीक थांबेपर्यंत तासभर सावलीत ठेवायचा. खालची पानं काढून ते पेर ओल्या मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात, किंवा पाण्यात ठेवायचं. तीन-चार आठवड्यांत मुळं दिसतात. पाण्यात रुजवलं तर मुळं बोटभर होण्याआधीच कुंडीत हलवावं, नाहीतर त्यांना पाण्याची सवय लागते. ज्या फांदीवर फुलाचा दांडा आहे ती मी कापत नाही, बाकीच्यांतली एखादी काढते.

तळमजल्यावरच्या काकूंना मागच्या जूनमध्ये असाच तुकडा दिला. त्यांच्या पश्चिमेच्या खिडकीत दुपारचं ऊन थेट येतं, म्हणून आम्ही दोघींनी मिळून जाळीचा पडदा लावला आणि कुंडी त्याच्या आत टांगली. दिवाळीला तिला पाच नवी पानं होती. पिवळा मावा मात्र आमच्याआधी त्यांच्याकडे पोचला, कारण कण्हेर त्यांच्या दाराशीच आहे. त्यांना कडुनिंबाचं तेल आणि फवारा देऊन आले आहे.